रिकामा डबा, दोनशे चौदा ग्रॅम

सोमवार, ४ सप्टेंबर

बाईसाहेब,

तुला जाऊन आज एकोणसत्तर दिवस झाले. दैनंदिनी लिहिण्याची सूचना ताईची आहे. तिच्या मते मी कोणाशी बोलत नाही आणि न बोलणारा माणूस आतून कुजतो. हे मत मला मान्य नाही. तथापि तुला कळवण्याजोगी एक बाब आज घडली, आणि कळवण्याचा अन्य मार्ग नसल्यामुळे ही वही उघडली आहे. दुपारच्या सुट्टीत, वजनमापांच्या प्रयोगशाळेतील माझ्या टेबलाशी बसून लिहीत आहे. बाकीचे सर्व जण जेवायला गेले आहेत.

आपल्या मुंगीच्या शाळेचे नवे वर्ष आज सुरू झाले. आता ती पहिलीत आहे. शाळेने पालकांना एक अर्ज दिला असून त्यात दोन चौकटी आहेत : 'शाळेचे जेवण' आणि 'घरचा डबा'. एकीत खूण करावयाची. निवड बदलायची असल्यास ती केवळ महिन्याच्या प्रारंभी बदलता येते.

मी 'घरचा डबा' या चौकटीत खूण केली.

ताई बाजूलाच उभी होती. म्हणाली, "अरे, शाळेत गरम जेवण मिळतंय, तर हा सोस कशाला? तुला साधं दूध तरी तापवता येतं का?"

"येतं."

"उतू न घालवता?"

बालवर्गाची दोन वर्षे तू तिचा डबा भरलास. तुझ्यामागे या घरातील शक्य तितक्या गोष्टी पूर्वीप्रमाणेच राहाव्यात, अशी माझी इच्छा आहे. हे कारण मी ताईला सांगितले नाही. पौष्टिकता आणि स्वच्छता ही दोन कारणे सांगितली. तीही खरीच आहेत.

मंगळवार, ५ सप्टेंबर

डब्याची पहिली नोंद.

तू अंदाजाने डबा भरत असायचीस. तो अंदाज माझ्यापाशी नाही, म्हणून स्वयंपाकघरात एक वजनकाटा ठेवला आहे. तो मी स्वतः तपासलेला आहे. रिकामा डबा झाकणासह २१४ ग्रॅम. सकाळी भरून ५०२. आत भात, उकडलेले अंडे, गाजराचे तुकडे आणि सफरचंदाची एक फोड. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा वजन केले. २१४. काटा एका ग्रॅमनेही इकडेतिकडे झाला नाही.

ताईला म्हटले, "बघ."

ती म्हणाली, "बघितलं. लोक परमेश्वरापुढे हात जोडतात, तू काट्यापुढे जोड."

मला मात्र आज बऱ्याच दिवसांनी समाधान वाटले.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

चारही दिवस २१४. भाताचा एक कणदेखील परत येत नाही. तुझ्या वेळी कोपऱ्यात वाटाणे उरत आणि तू ते उभ्याउभ्या तोंडात टाकत असायचीस, हे मला आठवते. त्या मानाने ही प्रगती आहे. हे तुला कमी लेखण्यासाठी लिहिलेले नाही.

एक तक्रार : मुंगीच्या गणवेशाच्या बाह्या रोज कोपरापर्यंत ओल्या असतात. हात धुताना बाह्या वर कराव्यात, हे तिला प्रात्यक्षिकासह दाखवले. तिने शांतपणे पाहिले आणि मान हलवली.

गुरुवार, १४ सप्टेंबर

प्रयोगशाळेत एका किराणा दुकानदाराचा काटा आला होता. किलोमागे चाळीस ग्रॅमची खोट निघाली. दुकानदार म्हणाला, "साहेब, मी मुद्दाम नाही केलं हो. काटा रोज तेवढंच दाखवत होता, मला वाटलं बरोबरच असेल." हे समर्थन मी नोंदवहीत लिहून घेतले आणि काट्याला मोहोर नाकारली.

माझ्या शेजारचे सहकारी, ज्यांना निवृत्तीस पाच महिने उरले आहेत, मला म्हणाले, "साहेब, पट्ट्याला तिसरं भोक पाडलंत. एक डबा स्वतःलाही भरत जा."

मी त्यांना सांगितले की कातडे वापराने ताणले जाते.

"कातडं ताणलं जातं खरं," ते म्हणाले, "पण आतला माणूस आटतो ते वेगळं." त्यांनी अर्धे केळे माझ्या टेबलावर ठेवले. नंतर ते खाईन.

सोमवार, १८ सप्टेंबर

ताई रोज दुपारी अडीच वाजता मुंगीला शाळेतून आणते आणि मी येईपर्यंत सांभाळते. आज ती दारातच मला म्हणाली, "ही पोरगी घरात पाऊल टाकल्या टाकल्या पावावर तुटून पडते. दप्तरसुद्धा काढत नाही पाठीवरचं. दोन घास खाते आणि तिथेच बसल्या जागी झोपते. नीट भरतोस ना डबा?"

मी वही आणून दाखवली. दहा दिवस, दहा नोंदी. दररोज किमान दोनशे ऐंशी ग्रॅम अन्न.

"मी पोरीबद्दल विचारतेय, तू मला डब्याचं सांगतोस."

"वाढीचं वय आहे. या वयात भूक वाढते."

"तुझ्या काट्यावर अक्कल ठेवून बघ एकदा. किती भरते ते मलाही कळव."

ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे आणि तिला असे बोलण्याचा अधिकार आहे. तथापि आकडे तिच्या बाजूने नाहीत.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

आज सकाळचे संभाषण जसेच्या तसे लिहितो, कारण त्याने माझा दिवस चांगला गेला.

मुंगी म्हणाली, "बाबा, कमी भर ना."

"का?"

"वेळ लागतो."

"पण तू तर रोज सगळं संपवतेस."

"हो. पहिली मीच संपवते. सगळ्यांच्या आधी."

मी तिला शाबासकी दिली. तिने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि रोज विचारते तेच विचारले, "आज तू ऑफिसातून येणार ना?"

"पाच वाजून चाळीस मिनिटांनी."

"नक्की?"

"नक्की."

मुलांना वेळेचे भान लवकर येते, हे तू म्हणत असायचीस. ते खरे आहे.

मंगळवार, २६ सप्टेंबर

वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली आहे. शाळेत आरोग्यतपासणी झाली. मुंगीचे वजन जूनच्या आरंभी अठरा किलो दोनशे होते. आता ते सोळा किलो आठशे आहे. 'कृपया डॉक्टरांना दाखवावे. मुलगी वर्गात पेंगते.'

एक किलो चारशे ग्रॅम. साडेपाच वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ही तफावत स्वीकारार्ह नाही. माझ्या नोंदींनुसार असे घडणे शक्य नाही. सोळा दिवसांत तिने साडेचार किलोंहून अधिक अन्न केवळ डब्यातून घेतले आहे. यास्तव शाळेचा काटा सदोष असावा. शाळांमधील काटे वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही.

उद्या अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तपासणीची प्रमाण वजने शाळेत नेणार आहे.

बुधवार, २७ सप्टेंबर

काटा निर्दोष आहे.

पाच, दहा आणि वीस किलो, अशी तीन वजने चढवून पाहिली. प्रत्येक वेळी त्रुटी वीस ग्रॅमच्या आत. परिचारिका हात बांधून उभी होती. म्हणाली, "झालं समाधान? की आता मलाच चढवून बघता?" मी तिची क्षमा मागितली. तिने मग आवाज खाली आणून विचारले, "घरी काय खाते हो ती?" मी तिला वही दाखवली. तिने दोन पाने उलटली आणि मला वही परत दिली. म्हणाली, "यात डबा आहे. ती कुठंय?"

वजनांची पेटी उचलून बाहेर पडलो तेव्हा भोजनगृहातील मावशींनी हाक मारली. शाळेचे जेवण त्या शिजवतात. ठेंगण्या, जाड चष्मा लावणाऱ्या बाई आहेत.

"तुम्ही मुंगीचे बाबा ना? चार दिवस झाले, सांगू की नको करत होते. पोरीला शब्द दिलाय ना मी."

त्यांनी जे सांगितले ते असे. डबा आणणारी मुले वर्गातच जेवतात. घंटा झाली की मुंगी डबा घेऊन धावत मागच्या नळावर जाते. शेजारच्या कचऱ्याच्या पिंपात डबा उपडा करते. मग तो नळाखाली धुते, बोटांनी कोपरे घासते, फ्रॉकला पुसते आणि झाकण लावून सगळ्यांच्या आधी वर्गात जाऊन बसते. रोज, न चुकता.

"मी एकदा हात धरला," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, अगं बाई, खा की थोडं. तर म्हणाली, घशाखाली जात नाही. म्हटलं, मग राहू दे डब्यात, बाबा काय मारतात का तुला? तर म्हणाली, मावशी, बाबांना सांगू नका. डबा राहिला की माणूस घरी येत नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "हे कुठलं खूळ हो? कोणी भरवलं असेल पोरीच्या डोक्यात?"

मी म्हणालो, "मला कल्पना नाही."

हे विधान असत्य होते.

गुरुवार, २८ सप्टेंबर

काल लिहू शकलो नाही ते आज लिहितो. तुला हे ठाऊक नाही. ठाऊक असते तर तू मला वेळीच थांबवले असतेस.

मे महिन्यात तू रुग्णालयात दाखल झालीस आणि मुंगी जेवेनाशी झाली. डबा जसाच्या तसा परत येई. तिकडे डॉक्टर मला कोणतेही निश्चित उत्तर देत नव्हते आणि इकडे ही. एके सकाळी दारात तिच्या हाती डबा देताना मी म्हणालो, "तू रोज डबा संपव, म्हणजे आई लवकर घरी येईल." त्या दिवशी डबा रिकामा आला. उपाय लागू पडला, म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. त्यानंतर रोज. जूनच्या सत्तावीस तारखेलाही म्हणालो.

त्या दिवशी तू गेलीस आणि ताईने तिला साडेअकरा वाजताच वर्गातून उचलून आणले. जेवणाची सुट्टी बारा वाजता होते. डबा दप्तरातच राहिला. पाच दिवसांनी वास येऊ लागला तेव्हा मी तो शोधून काढला, दोनदा धुतला आणि उन्हात ठेवला. त्यापलीकडे त्याचा विचार केला नाही.

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत न तपासलेल्या एकाही मापावर मी मोहोर उठवलेली नाही.

ताईला सर्व सांगितले. मला वाटले होते, ती बोलेल. तिने उठून माझ्या पुढ्यात ताट ठेवले आणि म्हणाली, "जेव." मला जेवता आले नाही. ताट झाकून ठेवले.

शनिवार, ३० सप्टेंबर

डॉक्टरांनी मुंगीला तपासले. शारीरिक दोष नाही. नंतर दुपारी आम्ही दोघे स्वयंपाकघरातील टेबलाशी बसलो. काय बोलायचे त्याचा मसुदा मी कागदावर केला होता. तो उपयोगी पडला नाही.

मी म्हणालो, "बाबाचं चुकलं होतं."

"कशात?"

"डब्यात. तो संपला काय आणि राहिला काय, आईच्या येण्यात त्याने फरक पडणार नव्हता."

"मग कशाने पडला असता?"

"कशानेच नाही."

ती बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "पण मी रोज संपवायचे. नको असलं तरी. एकदाच राहिला. आत्या आली ना, म्हणून."

"मला माहीत आहे. त्यात तुझी चूक नव्हती."

"मग तू खोटं सांगितलंस?"

"हो."

"का?"

"तू जेवावंस म्हणून." हे पूर्ण उत्तर नव्हते, म्हणून पुढे म्हणालो, "आणि मलाही ते खरं व्हायला हवं होतं."

"आई ओरडली असती तुला."

"ओरडली असती."

"खूप."

"हो. खूप."

मग तिने विचारले, "आता माझा डबा राहिला, तरी तू येशील?"

"येईन."

"पाच चाळीसला?"

येथे मी अडखळलो. नुकतेच एक खोटे आश्वासन मान्य केले होते आणि दुसरे देण्याचे धैर्य झाले नाही. म्हणालो, "बस वेळेवर असली तर."

उत्तर अचूक होते. तिला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसले. तू काय सांगितले असतेस, याचा दुपारभर विचार केला.

सोमवार, २ ऑक्टोबर

पहिली तारीख रविवारी आल्यामुळे शाळेने आज अर्ज स्वीकारले. मी 'शाळेचे जेवण' या चौकटीत खूण केली. हात सहजासहजी वळला नाही. तुझ्या हातचा एक नेम मी आपल्या हाताने मोडत आहे, असे वाटले. पण घरी परत न्यायचा डबाच नसेल, तर तो रिकामा आहे की भरलेला, हा प्रश्न उरणार नाही.

स्वयंपाकघरातला काटा प्रयोगशाळेत नेऊन ठेवला.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

मावशींचा कार्यालयात फोन आला. दूरध्वनी उचलताना मला उभे राहावे लागले; का ते सांगता येत नाही.

"घाबरू नका, पोर बरी आहे," त्या आधीच म्हणाल्या. "पण साहेब, हे काही खरं नाही. मी थोडंसंच वाढते, तरी बसते बापडी ताटाकडे बघत. टाकत नाही आणि गिळतही नाही. एकेक दाणा चावते. बाकीची मुलं खेळायला जातात, ही बसलेलीच. काल तर कोंबून कोंबून संपवलं आणि तिथेच ओकली. मी म्हणते, अगं टाक, इथे सगळीच टाकतात, तो बघ तो पिंप कसा भरलाय. तर माझ्याकडे असं बघते, जणू मी कोणाचा तरी जीव घ्यायला सांगतेय."

मी विचारले, "मी काय करावं?"

"मला काय कळतंय? मी आपली भात शिजवणारी बाई. तुम्ही या एकदा. उद्या शुक्रवार, लहान मुलांना जेवणानंतर सुट्टीच असते. बसा तिच्याबरोबर. पण ती वही आणू नका."

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

ही नोंद घरी, दुपारी साडेतीन वाजता लिहीत आहे. मुंगी बाजूच्या खोलीत झोपली आहे.

बारा वाजता भोजनगृहात पोहोचलो. टेबले इतकी बुटकी आहेत की माझे गुडघे छातीला लागत होते. समोरच्या एका मुलीने मुंगीला विचारले, "हे तुझे आजोबा?" मुंगी म्हणाली, "बाबा आहे. दमलाय फक्त."

मावशींनी मलाही ताट वाढले. भात, भाज्यांचे सूप, पाव. एकच्या सुमारास सर्व मुले उठून गेली. आम्ही दोघे उरलो. मुंगीचे निम्मे ताट तसेच होते. माझे निम्म्याहून अधिक.

मी म्हणालो, "नको असेल तर टाकून दे."

ती हलली नाही. मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाली, "तुझंही राहिलंय."

"हो."

"आधी तू टाक."

मी उठलो. पिंपापर्यंत बारा-तेरा पावले होती. ती मान वळवून माझ्याकडे पाहत होती. मी ताट पिंपात निपटले आणि परत येऊन तिच्या शेजारी बसलो. तिने माझी बाही धरली. काही वेळ धरून ठेवली. मग उठली, ताट दोन्ही हातांनी धरून पिंपापर्यंत गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मावशी ओट्याशी काम करत होत्या. त्यांनी भांडी वाजवणे थांबवले. मी खुर्चीच्या कडा धरून बसलो होतो. भात पडल्याचा आवाज झाला. ती ताबडतोब वळली आणि मी आहे की नाही ते तिने पाहिले.

मी होतो.

परत येऊन बसल्यावर म्हणाली, "थोडं थांबू या."

"किती?"

"तो मोठा काटा खालपर्यंत येऊ दे."

तपासणीची ही रीत योग्य आहे. एकाच निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून राहिलो. मावशींची बसची वेळ झाली. त्यांनी पदराला हात पुसले, किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बसा निवांत. जाताना कुलूप घाला आणि किल्ल्या कार्यालयात द्या. हरवू नका, नाहीतर सोमवारी सगळी शाळा उपाशी." जाताना त्यांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नकळत माझ्याही ठेवला.

मोठा काटा सहावर आला. मुंगी म्हणाली, "अजून एकदा."

म्हणून तो पुन्हा वर गेला आणि पुन्हा खाली आला. मला वाटते, मी रडलो. तिने खिशातला रुमाल दिला, तो ओला होता. मग ती उठली, वाढपाच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या टोपलीतून पावाचा एक तुकडा घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

"आता जाऊ या," ती म्हणाली.

खिडक्या बंद केल्या. दिवे मालवले. भोजनगृहाच्या दाराला कुलूप घातले, ते ओढून पाहिले. मुंगीनेही ओढून पाहिले. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी किल्ल्या कार्यालयात परत केल्या.